ब्लशचा लॉट

आमच्या मास्तरांनी मला नोकरीवर घेतलं ते माझे कान बघून. बी.एस्सी.ची मार्कशीट मी प्लास्टिकच्या फाइलीत घालून नेली होती. ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "माय, कॉलेजात कधी कॉपी केली होती?"

मी ठसक्यात "नाही" म्हणाले. त्याच क्षणी इनॉर्गॅनिकच्या पेपराला तळहातावर लिहून नेलेली दोन समीकरणं मला आठवली आणि कान तापले. मास्तर पुढे वाकले, माझ्या उजव्या कानाची पाळी नीट न्याहाळली आणि शेजारच्या मॅनेजरला म्हणाले, "घ्या हिला. रंग चढतो."

माझ्या आधी एक फर्स्ट क्लासवाला येऊन गेला होता. त्यालाही हाच प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, "कधीच नाही, सर," आणि छान हसला. त्याच्या अर्जावर मास्तरांनी शेरा मारला, "ह्या कापडावर रंग बसत नाही." पुढे तो एका बड्या कंपनीत लागला आणि तिथं भराभर वर चढला असं ऐकलं. चढणारच.

सुरतेत कडोदऱ्याच्या रस्त्याला आमचं डाईंग हाऊस. एका दारानं कापडाचे पांढरट, बिनरंगाचे ताके आत येतात आणि दुसऱ्या दारानं साड्यांचं रंगीत कापड बाहेर पडतं. मधल्या मधे कुठला रंग, किती गडद, हे ठरवणारा माणूस म्हणजे कलर मास्तर. व्यापारी बोटभर कापडाचा नमुना पाठवतो, त्याला कटिंग म्हणतात. आम्ही लॅबमध्ये तसाच एक छोटा तुकडा रंगवायचा, मास्तरांनी दोन्ही शेजारी-शेजारी धरून बघायचे, पटलं तर सही करायची, आणि मग मोठ्या मशीनवर अख्खा लॉट चढायचा. सही चुकली की लॉट चुकला. त्यामुळे कलर मास्तरची सगळी पुंजी म्हणजे त्याचे दोन डोळे. आमच्या मास्तरांच्या डोळ्यांचा पर्वत पाटिया नाक्यापर्यंतच्या बाजारात दबदबा होता. त्यांनी 'मॅच' म्हटलं की व्यापारी स्वतः बघायचे नाहीत.

माणूस अंमळनेरकडचा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून सुरतेला आला तो इथलाच झाला. लिंबायतमध्ये आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून राहायचे. नखं कायमची जांभळी, आणि अंगात रोज पांढराशुभ्र शर्ट. डाईंग हाऊसमध्ये पांढरा शर्ट घालणं म्हणजे होळीला लग्नातला सूट घालून निघण्यासारखं आहे, पण त्यांच्या शर्टावर मी कधी ठिपका पाहिला नाही. आम्ही रंगांच्या बादल्यांना वळसा घालून जायचो, त्यांना मात्र बादल्याच वाट देत असाव्यात.

रंग बघायचा तो फक्त गच्चीवर, सकाळी दहा ते अकरा, उन्हाकडे पाठ करून. लॅबमध्ये रंग जुळवायला दिव्यांची एक महागडी पेटी होती. मास्तर तिच्यात जेवणाचा डबा ठेवायचे. "ट्यूबलाइटमध्ये रंग बघणं म्हणजे आपल्या बायकोची चौकशी शेजाऱ्याकडे करण्यासारखं," असं म्हणायचे. दुसरा नियम फोनचा. मॅचिंग चालू असताना फोन टेबलावर पालथा ठेवायचा. स्क्रीनच्या उजेडानं डोळे बिघडतात असं त्यांचं म्हणणं. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा होता, म्हणून लॅबचे सगळे निरोप माझ्या फोनवर यायचे.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे इंग्रजी. कॉलेज सुटलं, त्यात इंग्रजी राहून गेलं, याची रुखरुख त्यांना जन्मभर होती. ती भरून काढायला त्यांनी एक जाडजूड शब्दकोश बाळगला होता. त्याला फिरोजी पॉलिस्टरचं कव्हर शिवलेलं. लिंबायतमध्ये 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' अशा पाट्यांचे पाच-सहा तरी क्लास आहेत. मास्तरांची पद्धत बरोबर उलटी होती. दोन वर्षांत एक शब्द. शब्द एकदा धरला की त्याचं घर, त्याचं गोत्र, त्याची भावकी, सगळं बाहेर काढल्याशिवाय सोडायचे नाहीत. माझ्या आधी 'ऑलमोस्ट' चालू होता म्हणे. त्या दोन वर्षांत एकही लॉट पुरता मॅच झाला नाही, असं आमचे मशीनवरचे सुपडूभाऊ शपथेवर सांगायचे.

मी लागले तेव्हा 'ब्लश' चालू होता.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही गोल करून बसायचो. मास्तर, सुपडूभाऊ, कापडाची घडी घालणाऱ्या इंदूबाई आणि मी. सगळे खानदेशी, म्हणजे चारही डब्यांत ठेचा.

"सांग माय, ब्लश म्हणजे काय?"

"लाजणं," मी म्हणाले.

"चूक. लाजणं आतलं. ब्लश म्हणजे लाजेनं लाल होणं. लाज दिसत नाही, ब्लश दिसतो. तो रंग आहे." त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून ठेवला. "आता ह्याचा इतिहास ऐक. फार जुन्या इंग्रजीत ह्याच्या घरात मशाल होती. मशाल, पेटणं, लालभडक चमकणं, असं सगळं. मग मधल्या काळात ह्याचा अर्थ झाला, बघणं. नजर टाकणं! अजून इंग्रज म्हणतो ना, ॲट फर्स्ट ब्लश? म्हणजे पहिल्या नजरेत. त्यात लाल काहीच नाही. आणि शेवटी तो गालावर येऊन बसला. मशाल, नजर, गाल. काय कळलं?"

"मास्तर, माले भाकर खाऊ द्या ना," सुपडूभाऊ म्हणाले.

"हे कळलं, की माणूस आपोआप लाल होत नाही. कुणीतरी बघावं लागतं. नजर पडते तेव्हा मशाल पेटते." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणाले की इंदूबाई त्यावर डब्याचं झाकण वाजवून ठेका धरायच्या.

पण ह्या शब्दानं त्यांची झोपही उडवली होती. इंग्रज लाजला की लाल होतो. आपला माणूस लाजला की आपण काय म्हणतो? गोरामोरा झाला! म्हणजे त्यांचा रंग चढतो आणि आपला उतरतो की काय? तीन आठवडे मास्तर ह्या काळजीत होते. लिंबायतमधली निम्मी माणसं उन्हात राबून काळीसावळी झालेली. ती शरमली तरी चेहऱ्यावर काय दिसणार? मग हा एवढा मोठा शब्द आपल्या काय उपयोगाचा? शेवटी एका सकाळी ते गच्चीवरून ओरडतच खाली आले, "कान! कान लाल होतो! चेहरा लपवतो, कान लपवत नाही." तेव्हापासून त्यांनी माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणं सोडलं. समोरचा बिचारा सारखा वळून मागे कोण आलंय ते बघायचा.

कान बघून त्यांनी जगाचे दोन भाग पाडले होते. लाल होणारे आणि न होणारे. लाल होणाऱ्याच्या हातून चूक होईल, पण त्याच्यावर काम सोपवावं. न होणाऱ्याच्या हातून चूक होतच नाही, ती नेहमी दुसऱ्याच्या हातून होते.

एकदा सांडपाणी तपासायला एक साहेब आले. त्या दिवशी आमच्याकडे लग्नाचा लाल चालू होता आणि मागचा नाला अगदी कुंकवासारखा वाहत होता. साहेबांनी नाल्याच्या काठावर उभं राहून, त्यात आपलं लालभडक प्रतिबिंब बघत, कागदावर लिहिलं, 'पाणी रंगहीन.' मास्तर शेजारी उभे. त्यांनी खिशातून शेडकार्ड काढलं, म्हणजे रंगांच्या छोट्या चौकोनांची पट्टी असते ती, आणि साहेबांच्या कानाजवळ धरली. साहेब म्हणाले, "क्या कर रहे हो?" मास्तर अदबीनं म्हणाले, "कुछ नहीं साब, पानी का रंग मिला रहा हूँ." साहेबांचा कान होता तसा गव्हाळ राहिला. मास्तर दिवसभर अस्वस्थ होते. नाल्यामुळे नव्हे. एवढा मोठा हुद्दा आणि कानात रक्तच नाही, याचं त्यांना दुःख झालं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुढाऱ्यांचे फ्लेक्स लागायचे. कुणाच्या वाढदिवसाचे, कुणाच्या निवडीचे. मूळ माणूस कोळशासारखा असला तरी फ्लेक्सवर गाल गुलाबी. मास्तर येता-जाता तिथं थांबायचे आणि म्हणायचे, "ह्यांना लाल करायला फ्लेक्सवाला लागतो." हे त्यांनी एकदा त्या पुढाऱ्याच्या समोरच म्हटलं. पुढाऱ्याला वाटलं कौतुक आहे. त्यानं हात जोडले.

हे सगळं ऐकायला मजेचं वाटतं. मलाही वाटायचं, माझ्यावर पाळी येईपर्यंत.

लग्नसराईच्या तोंडावर मार्केटातल्या एका व्यापाऱ्याचा निरोप आला. 'साडीचं कापड, शेड ब्लश, अर्जंट. कटिंग पाठवतो.' मी तो मास्तरांना वाचून दाखवला. त्यांनी मला तीनदा वाचायला लावला. दोन वर्षं ज्या शब्दाची सेवा केली, तो आज स्वतःच्या पायांनी दारात आला होता. इंदूबाईंना बोलावून सांगितलं, सुपडूभाऊंना सांगितलं, वॉचमनला सांगितलं. कटिंग काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. मास्तरांना त्याचं काहीच वाटलं नाही.

"कटिंग कशाला पाहिजे? शब्द दिलाय ना त्यानं. मला अर्थ ठाऊक आहे."

"मास्तर, ब्लश म्हणजे फिकट गुलाबी असेल," मी म्हणाले. "ऑनलाइन साड्या असतात तशा."

"तो गोऱ्यांचा ब्लश. ह्या साड्या नेसणार कोण? जळगावच्या, नांदेडच्या, अकोल्याच्या बाया. त्यांच्या अंगावर शोभायला त्यांचा ब्लश नको का?"

असा हा युक्तिवाद होता. माणसानं एकदा एका शब्दाला एवढं वाहून घेतलं की तो चुकीचं बोलतो तेही खरं वाटायला लागतं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्यांनी दहा-बारा जणांना गच्चीवर बोलावलं. हातात शेडकार्ड. प्रत्येकाला लाज आणायची आणि कानाचा रंग टिपायचा, असा बेत.

सुपडूभाऊंना विचारलं, "लग्नात बायकोचं नाव उखाण्यात घेताना अडखळला होतात ना?" सुपडूभाऊ म्हणाले, "मना कानले काय देखता, माले ऐकू बी येत नही," आणि तंबाखू मळत बसले. इंदूबाईंना काही विचारायच्या आतच त्यांनी कमरेला हात लावले. "मास्तर, तुमनं डोकं फिरनं का? मी लाजनारी दिसस का तुमले?" खरंच नव्हत्या दिसत. मास्तर हिरमुसले. मग ते माझ्याकडे वळले.

"माय, रविवारी तुला बघायला पाहुणे आले होते ना? काय निरोप आला?"

त्यांना निरोप ठाऊक होता. तीन गल्ल्यांत सगळ्यांना ठाऊक होता. पाहुणे पोहे खाऊन, चहा पिऊन, मला दोनदा चालायला लावून गेले आणि संध्याकाळी त्यांनी कळवलं, मुलगी शिकलेली आहे पण सावळी आहे. माझी आई दोन दिवस जेवली नव्हती.

दहा-बारा जण माझ्याकडे बघत होते. मास्तर एकदम आनंदानं ओरडले, "बघा! बघा! आला!" आणि शेडकार्ड माझ्या कानाला लावून सगळ्यांना जवळ बोलावलं. "तांबूस. खाली काळसर छाया. आणि खोली बघा त्याची. कुठल्या गोरीला येणार नाही असला रंग." ते माझ्याशी बोलतच नव्हते. ते रंगाशी बोलत होते. मी उन्हात उभी होते आणि माझा कान बारा माणसं आळीपाळीनं वाकून बघत होती.

त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला आज कळतं. त्या दिवशीही कळत होतं. म्हणूनच जास्त राग आला. वाईट माणसाला निदान शिवी देता येते.

दुपारी लॅबमध्ये फोन पालथा पडला होता, तो थरथरला. मी उचलून बघितला. व्यापाऱ्याचा निरोप. 'कटिंग नथी, फोटो जुओ.' खाली फोटो, स्क्रीनच्या वरच्या पट्टीत बोटभर दिसत होता. फिकट, दुधात गुलाब टाकावा तसा गुलाबी. मी निरोप उघडला नाही. उघडला असता तर त्याच्याकडे निळ्या खुणा गेल्या असत्या. एवढा विचार मी त्या एका क्षणात केला, हे मला नीट आठवतं. मग फोन पुन्हा पालथा ठेवला. मास्तर माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर बसून नमुना वाळवत होते, गुणगुणत होते. मी म्हणायला हवं होतं, मास्तर, फोटो आलाय. मी म्हणाले, "मास्तर, मशीन रिकामं झालंय."

त्यांनी सही केली. लॉट चढला.

कापड बाहेर आलं तेव्हा सगळे बघायला जमले. नव्या माठाचा असतो तसा तांबूस रंग, आणि घडी पडली की तिथं काळसर छाया. खरं सांगते, मी आजपर्यंत इतका सुंदर रंग आमच्या मशीनवरून उतरलेला पाहिला नाही. इंदूबाईंनी ताक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "हाई मनाकरता ठेव दोन." मास्तर लांब उभे राहून बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना वाटत होतं, इंग्रजी एकदाचं पुरतं झालं.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला तो थेट छोट्या सेठच्या केबिनमध्ये. ताका टेबलावर आपटून म्हणाला, "सेठ, आ ब्लश छे? आ तो ईंट छे, ईंट!"

छोटे सेठ म्हणजे मालकांचे चिरंजीव, परदेशात शिकून आलेले. त्यांनी मास्तरांना आणि मला बोलावलं. केबिनला काचेचं दार आहे. बाहेर सुपडूभाऊ, इंदूबाई, मॅनेजर, सगळे काचेला नाक लावून उभे.

"कटिंग वगर कलर केम चढाव्यो?" सेठनं विचारलं, कटिंगशिवाय रंग चढवलाच कसा म्हणून.

मास्तर मशालीपासून सुरू करणार होते. तेवढ्यात व्यापारी म्हणाला, "पण में फोटो मोकल्यो हतो. आ बेनने." आणि मला पाठवलेला फोटो दाखवायला त्यानं आपला फोन पुढे केला. निरोपाखाली दोन खुणा, करड्या. पोचला होता, वाचलेला नव्हता.

सगळे माझ्याकडे वळले. सेठ, व्यापारी, काचेबाहेरची माणसं. माझा फोन माझ्याच हातात होता.

"मी बघितला नाही," मी म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नव्हे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्या कानाकडे बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिले. मला कान जळताहेत असं वाटत होतं. मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि सेठकडे वळले.

"मॅचिंग चालू असताना फोन बघायचा नाही हा माझा नियम आहे, सेठ. तिनं तो पाळला. चूक माझी."

"तमने आ कलर गुलाबी देखायो?" सेठनं ताक्यावर बोट ठेवलं.

मास्तरांनी ताक्याकडे बघितलं आणि पुन्हा माझ्या कानाकडे. सेठनं व्यापाऱ्याकडे बघून आपल्या डोळ्याला बोट लावलं. दोघांनी मान हलवली. मग सेठ म्हणाले, "मास्तर, काल थी आवता नहीं." म्हणजे उद्यापासून येऊ नका.

आमच्या धंद्यात बिघडलेल्या मालाला एकच औषध आहे. काळा रंग. कुठलाही लॉट कसाही चुकला तरी काळ्यात बुडवला की चूक नाहीशी होते आणि माल अस्तराला विकला जातो. त्याच संध्याकाळी सुपडूभाऊंनी तो सगळा लॉट पुन्हा मशीनवर चढवला. सकाळपर्यंत काळे कुळकुळीत ताके तयार. काय चुकलं होतं, किती चुकलं होतं, चुकलं होतं की नव्हतं, हे दाखवायला बोटभर तुकडाही उरला नाही. चार दिवसांनी मास्तरांची खुर्ची मला मिळाली. मॅनेजर म्हणाले, "शिस्तीची मुलगी आहे. फोनला हात लावत नाही."

बाजारात बातमी पसरायला वेळ लागला नाही. मास्तरांची नजर गेली. गुलाबी आणि विटकरी यांतला फरक कळेना झालाय. त्यांनी आणखी दोन-तीन डाईंगमध्ये विचारून बघितलं. सगळ्यांनी चहा पाजला, 'आमचे मास्तर' म्हणून पाय धरले, आणि नजर गेलेल्या माणसाला कोण ठेवणार, म्हणून परत पाठवलं. शब्दकोशामुळे वेड लागलं असंही काहींनी ठरवून टाकलं. ह्या लोकांनी शब्दकोश लांबून बघितला होता.

मला तीन गल्ल्या ओलांडायला दोन महिने लागले. दार मास्तरांच्या बायकोनं, काकूंनी उघडलं. "ये माय, बस. तुना मास्तर वर गच्चीवर शेतस. दिनभर कापडना तुकडा देखतस. डोळा चांगला शेतस का, हाई स्वतःच तपासी राहिनात."

मी वर गेले. मास्तर उन्हाकडे पाठ करून बसले होते, मांडीवर रंगीत चिंध्यांचा ढीग, एकेक जोडी लावत होते. शर्ट पांढराच होता. मला बघून म्हणाले, "ये. हे दोन बघ. सारखे आहेत का?"

"नाही. डावा जरा पिवळसर आहे."

"हां," ते म्हणाले, "मलाही तसंच वाटतं." आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी दिसलं. ते बघवलं नाही मला. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "मास्तर, फोटो मी बघितला होता. लॉट चढायच्या आधी. मुद्दाम दाखवला नाही."

"ठाऊक आहे."

"केव्हापासून?"

"केबिनमध्ये कळलं. तू बोललीस आणि कान बोलला." त्यांनी चिंध्या खाली ठेवल्या. "राग नाही आला मला. मी वाईट वागलो होतो तुझ्याशी, हे मला तेव्हाच कळलं, त्याआधी कळलंच नव्हतं. आणि खरं सांगू? त्या दिवशी टेबलावर तो ताका पडला होता आणि मागे तुझा कान होता. दोन्ही एका नजरेत आले. मॅच होते गं. शंभर टक्के. सेठ मला विचारत होता, हा गुलाबी दिसतो का, आणि मी तुझ्याकडे बघून मनात म्हणत होतो, शेड बरोबर आहे."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "एक काम करशील? सेठला सांग. नोकरी नको मला, ती खुर्ची तुझीच. फक्त एवढं सांग की मास्तरनं फोटो बघितलाच नव्हता, तो रंग त्यानं मुद्दाम तसा चढवला होता. म्हणजे ओळखण्यात चूक झाली नाही, डोळे शाबूत आहेत, एवढं बाजारात कळेल. मग कुणीतरी बोलावेल. मला घरात बसवत नाही, माय. मला रंग बघायचे आहेत."

"उद्याच सांगते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांचा विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी मी केबिनच्या दारापर्यंत गेले. कान इतके तापले की ओढणी डोक्यावरून घ्यावी लागली. सेठ फोनवर होते, मी परत फिरले. त्याच्या दुसऱ्या दिवशी व्यापारी बसलेले होते. मग लग्नसराईचे शेवटचे लॉट आले, मग दिवाळीचा माल, मग माझं स्वतःचं जमलं. मास्तरांच्या गल्लीतून जाणं मी सोडलं, रिक्षा दुसरीकडून वळवायला सांगते.

ह्या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. गेल्या आठवड्यात एक शेड दाखवायला केबिनमध्ये गेले होते. छोट्या सेठनं कागद बघता बघता मास्तरांच्या गेलेल्या नजरेबद्दल सहज विचारलं, "पेला मास्तरनी आंख केवी रीते बगडी गई हती?"

"उंमर, सेठ," मी म्हणाले.

त्यांनी "हं" केलं आणि सहीसाठी पेन माझ्यापुढे सरकवलं. मी समोरच्या काचेत बघितलं. कान नेहमीसारखेच होते.